जीपखालचा मारुती

वाशी, नवी मुंबई
रविवार, १६ सप्टेंबर १९८४

तीर्थरूप बापूसाहेब,

वाशीहून जावई नंदकिशोर याचे डोके टेकवून नमस्कार. (हात तेलाचे आहेत, म्हणून पायांना लावत नाही.) तुमची प्रकृती, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि उजव्या डोळ्याचा नवा चष्मा हे तिघेही कसे आहेत ते सविस्तर कळवावे. इकडे सौ. अरुणा, चि. केदार आणि आषाढात वाईहून आमच्याकडे आलेल्या सौ. आई सुखरूप आहेत. सौ. अरुणा बँकेत जाते, केदार शाळेत जातो, आणि सौ. आई घर सांभाळतात. मीसुद्धा बरा आहे, फक्त रोज संध्याकाळी गाडीखाली आडवा असतो.

तुमचं कार्ड पोचलं. नातवाची चौकशी एका ओळीत आणि उरलेलं सगळं कार्ड जीपबद्दल, हे पाहून केदार थोडा हिरमुसला. पण आजोबांचं त्या जीपशी नातं आपल्यापेक्षा जुनं आहे, अशी मी त्याची समजूत घातली. पाटबंधारे खात्यात असताना जी डिझेल जीप तुम्ही वापरलीत, तीच निवृत्तीनंतर खात्याच्या लिलावातून सोडवून आणलीत, आणि वाईच्या बोळात ती शिरेना म्हणून रुंद रस्त्यांच्या वाशीला जावयाच्या दारात आणून लावलीत. आता तुमचा हुकूम असा, की दसऱ्यापर्यंत तिची तेलगळती थांबली पाहिजे. तुम्ही एस्टीने येणार, तिला झेंडूची माळ घालणार आणि माळशेज घाटातून ती चालवत तुमच्या जुन्या धरणावर जाणार. एकटे. ('एकटा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत, त्यातली एक कार्डाच्या पलीकडे उमटली आहे.) सरकारी नोकराच्या जावयाला हुकूम मोडता येत नाही, म्हणून मी त्याच दिवशी कामाला लागलो.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे इंजिन आधी रॉकेलने स्वच्छ धुतलं. रॉकेल रेशनचं होतं. त्यावरून सौ. अरुणा जे बोलली ते इथे लिहीत नाही, कारण शेवटी ती तुमचीच मुलगी आहे. मग गळती नेमकी कुठून होते ते दिसावं म्हणून इंजिनावर केदारची पावडर भुरभुरली. नंतर गाडी सुरू करून बॉनेट उघडं टाकून मी बघत बसलो. बापूसाहेब, कुठून गळतंय ते शोधण्यापेक्षा कुठून गळत नाही ते शोधणं सोपं गेलं असतं. वरून, खालून, पुढून, मागून, पांढऱ्या पावडरीवर काळे ओघळ. तेवढ्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस भाजीची पिशवी घेऊन तिथून चालले होते. ('आवारात तेल सांडू नये' या त्यांच्या नोटिसा आमच्या दाराला इतक्या चिकटल्या आहेत की दाराचा रंग विसरलो.) ते थांबले, त्यांनी वास घेतला आणि विचारलं, पावडर-बिवडर लावलीय, आज दाखवायचा कार्यक्रम आहे वाटतं? मी म्हटलं, नाही, मुलीचं वय जास्त आहे, पत्रिका जमत नाही. त्यावर ते हसले नाहीत.

शेवटी तुर्भ्याच्या नजीबभाई मेकॅनिकना बोलावलं. हे मूळचे उरणकडचे, हात सोन्याचा, पण आजाऱ्याला कधी आजारी म्हणायचं नाही असा स्वभाव. इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "साहेब, याला गलती नाय म्हनत. याला घाम म्हनतात. वय झालंय, घाम येनारच." हा घाम पुसायला त्यांना सहा रविवार लागले. वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं (पुठ्ठा संपला तेव्हा त्यांनी आमच्या शोकेसमधली एक जाड लग्नपत्रिका कापली, त्यामुळे झाकणाखाली कुठेतरी 'आहेर आणू नये' अशी विनंती आहे). खालचं चेंबर उतरवलं, चढवलं. मागचं ऑइल सील बदलायचं तर गिअरबॉक्स काढावा लागतो, हे मला तो आवारात पसरल्यावर कळलं. एवढं करून, खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने सांगाडा गंजू नये म्हणून त्यांनी त्याला केशरी शेंदराचा रंग लावला. उरलेला थोडा डबीत सुकून जाईल म्हणून मागच्या चाकाला लावलेल्या दगडाला फासला. (गाडीचा हँडब्रेक खात्यात असल्यापासून शोभेचा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे, दगड काढला की ती थेट टिपणिसांच्या तुळशीवर जाते.) दगड अंधारात दिसेल, कोणी ठेचकाळणार नाही, असं नजीबभाई म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

आणि बापूसाहेब, गळती थांबली! गाडीखाली अंथरलेलं वर्तमानपत्र रविवारी कोरडं, सोमवारी कोरडं, शुक्रवारपर्यंत कोरडं. मी तर तुम्हाला तार करायला निघालो होतो. शनिवारी सकाळी पाहतो तर कागदावर चांगलं बशीएवढं तेल. नजीबभाईंनी येऊन सगळे नट आवळले. पुन्हा आठवडाभर कोरडं, पुन्हा शनिवारी तेल, आणि या खेपेला बशीच्या जागी ताटली. तिसऱ्या शनिवारी नजीबभाई गाडीपासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, "साहेब, माज्या उस्तादांनी सगली दुखनी शिकवली, पन वार बघून गलनारी गाडी नाय शिकवली. हिला तुमचा भटजी दाखवा."

मी केमिस्ट माणूस. भटजीकडे जाण्याआधी तेलाचा नमुना बाटलीत भरून कंपनीच्या लॅबमध्ये नेला. निकाल आला तो मी परत परत तपासला. ते इंजिन ऑइल नव्हतं. तिळाचं तेल होतं, स्वच्छ, खाण्यालायक. एका डिझेल गाडीचा घाणा कसा झाला, या विचाराने मला त्या दिवशी डबा गेला नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी मी जिन्यात दबा धरून बसलो. आमच्याकडे बोनकोड्याहून भाजी घेऊन येणाऱ्या गिरजाबाई आल्या. पाटी उतरवली, चपला काढल्या, गाडीच्या मागच्या चाकाशी वाकल्या, रुईच्या पानांची माळ त्या शेंदरी दगडाला घातली आणि वर वाटीभर तेल ओतलं. पाठोपाठ कोण, तर टिपणिसांच्या मालतीबाई, चांदीची वाटी घेऊन! मी पुढे होऊन गिरजाबाईंना सांगितलं, की बाई, हा चाकाला लावलेला दगड आहे. त्या माझ्याकडे दयेने बघून म्हणाल्या, "असा नको बोलू र बाबा. या देवाचे किरपेनं माजा पोऱ्या कंपनीत लागला हाय. तुजे गारीला पन तोच धरून हाय." आणि खरं सांगायचं तर गाडीला तोच धरून होता.

तेव्हापासून आमचं आवार बदललं आहे. शनिवारी बंपरवर नारळ फुटतो (बंपरला पोचा पडला आहे, क्षमस्व). ऑफिसात मी एवढंच म्हणालो, की आमच्या आवारात आता मारुती आहे. तर लोक पेढे मागू लागले आणि गाडीचा नंबर इतक्या लवकर कसा लागला ते विचारू लागले. ज्या टिपणिसांनी तेलावरून नोटिसा लावल्या, तेच काल वर छप्पर घालायचं का असं विचारून गेले. अशा परिस्थितीत गाडी दसऱ्याला हलवणं म्हणजे लोकांच्या भावना दुखावणं होईल. तरी तुम्ही यंदाचा बेत रहित करावा, आणि इकडे येण्याची दगदग करू नये, ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक पण निरुपाय झालेला,
नंदकिशोर

ता. क. येताना वाईची हळद आणावी, असं सौ. अरुणा सांगते. (येऊ नका असं वर लिहिलं आहे हे तिने वाचलेलं नाही.)

ता. क. दुसरा. वरचं पत्र सौ. आईंनी चष्मा लावून वाचलं आणि 'ठीक आहे' म्हणाल्या. हे पुढचं त्या दळण आणायला गेल्यात म्हणून लिहितो. लोकांच्या भावना वगैरे काही दुखावणार नाहीत. गिरजाबाई आणि टिपणीस दोघेही मारुतीला कोपऱ्यातल्या उंबराखाली बसवायला राजी आहेत, दसऱ्याचा मुहूर्तही ठरला आहे. चाकाला मी दुसरा दगड बघत होतो, पण शेंदूर लागला तर मारुती, डांबर लागलं तर शनी आणि कोरा ठेवला तर महादेव, म्हणून लाकडी ठोकळा आणला आहे. गाडी ठणठणीत आहे. पहिली वाटी कोणी ओतली, असं मी गिरजाबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुजेच घरातली आजी."

सौ. आईंनी नाकारलं नाही. मेथी निवडत शांतपणे सांगितलं, की गळती थांबली म्हणजे हे निघणार, एका डोळ्याने घाट चढणार. म्हणून त्या गाडीखाली तेल ओतायला गेल्या होत्या. घरात तिळाचंच होतं. गिरजाबाईंनी नेमकं पाहिलं, वार शनिवार होता, समोर दगड शेंदरी होता, आणि तोंडातून 'मारुतीला घालतेय' निघून गेलं. मी म्हटलं, आई, सरळ 'जाऊ नका' असं लिहायचं होतं. तर म्हणाल्या, चाळीस वर्षांत कधी म्हटलं नाही, आता कसं म्हणू? मला त्यांचा राग आला नाही, बापूसाहेब. मला फार वाईट वाटलं.

ता. क. तिसरा आणि खरा. दसऱ्याला जरूर यावं. गाडी मी चालवीन, तुम्ही शेजारी बसून मला घाटभर चुका दाखवा. मागची सीट मात्र रिकामी न्यायची नाही. काल मी सौ. आईंना विचारलं, ते धरण एवढं आहे तरी कसं? त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मला कधी नेलंय कुठे?"

तेव्हा दोन ओळींचं कार्ड टाकावं, या खेपेला त्यांच्या नावाने.