उणे पंचवीसचा सराव

१२ मे
मालविका जुलैत आर्क्टिकला चाललीय. कॅनडाच्या पार उत्तर टोकाला एल्स्मियर बेट, तिथला नॅशनल पार्क. रस्ता नाही, नेटवर्क नाही. छोटं विमान तुम्हाला उतरवतं आणि निघून जातं. पुढे तंबू, पाठीवरचं ओझं आणि पांढरी अस्वलं. काल इथे दोहातच, अल दुहैलला तिच्या आईबाबांकडे जेवायला गेलो तेव्हा सगळ्यांना सांगत होती. निघताना मी दारात बूट घालत होतो. म्हणाली, शिवराज, तूही ये की.
आई गाडीत म्हणाली, अरे, बोलायची रीत असते ती, आपण नाही का ज्याला त्याला घरी या म्हणत. आईला यातलं काही कळत नाही.
ठरलं. जायचं. मालविकाला आत्ता कळवायचं नाही. तयार होऊन थेट समोर उभा राहीन. कॅनडाचा व्हिसा: इन्शाल्ला.

१३ मे
संकल्प: रोज ओझं घेऊन चालणे. चहा बंद. जुलैपर्यंत कुणावरही चिडायचं नाही.
रात्री बाबा म्हणाले, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात टिकला नाहीस, अस्वलांत काय टिकणार. मी ताट सरकवलं. ते पडलं. संकल्प उद्यापासून.

१७ मे
सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून अल रय्यानमध्ये चाललो. सूर्य नुकता उगवलेला, तरी भट्टी. मशिदीच्या भिंतीशी सावलीत बसलो तर एका ड्रायव्हरने पाणी दिलं आणि विचारलं, भाई, घर से निकाल दिया क्या. त्याच्यावर चिडलो नाही. फक्त बाटली परत फेकली.
या देशात थंडीचा सराव करायचा कुठे?

२६ मे
सापडलं. हमद पोर्टजवळच्या कोल्ड स्टोअरमध्ये नोकरी. सुपरवायझर आल्फ्रेड अंकल, वसईचे, बाबांच्या ओळखीचे. घरात सगळे खूश, पोरगा मार्गी लागला म्हणून. आईने शिरा केला. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला.
फ्रोझन चिकनची खोली: उणे पंचवीस.
अंकलचा नियम: एकट्याने आत जायचं नाही, थोडं काम झालं की बाहेर येऊन अंग गरम करायचं. नियम नोकरी करणाऱ्यांसाठी आहेत.

४ जून
तंबू आला. ऑनलाइन. मालविकाच्या स्टोरीत मिहीर नावाचा कुणी तरी सारखा दिसतो. ऑफिसातला असावा. ग्रुप म्हटलं की असे लोक येतातच, ओझी उचलायला.
फोनची स्क्रीन फुटली. भिंतीवर लागून.

११ जून
लंच ब्रेकमध्ये मागच्या रॅकपलीकडे तंबू लावून आत पडून राहिलो. चारी बाजूंनी कोंबड्यांचे खोके. डोळे मिटले की हिमनदी. मालविका शेजारच्या तंबूत चहा करतेय असं वाटलं. तेवढ्यात अंकलनी हाक मारली. माल मोजतोय म्हणालो.

१८ जून
बाहेर चव्वेचाळीस. यार्डातून आत येईपर्यंत मोजे घामाने चिंब. बदलायचा कंटाळा, तसाच तंबूत. नंतर डाव्या पायाची बोटं बधिर. चांगली खूण आहे. शरीर सरावतंय.

२२ जून, हॉस्पिटल
काल तंबूत झोप लागली. अंकलनी फरफटत बाहेर काढलं म्हणे. मला आठवत नाही. डाव्या पायाची बोटं काळीनिळी पडलीत. नर्स लूर्द सिस्टर मराठी बोलतात. म्हणाल्या, उन्हाने पडलेली माणसं इथे रोज येतात, थंडीने पडलेला तूच पहिला.
दोन बोटं बहुतेक काढावी लागतील. डॉक्टर थोडं थांबून ठरवणार. चालायला अंगठा महत्त्वाचा असतो. अंगठा शाबूत आहे.

२५ जून
आल्फ्रेड अंकल येऊन गेले. मी एकटा आत राहिलोच कसा म्हणून कंपनीने त्यांना सस्पेंड केलंय. डिसेंबरमध्ये वसईला मुलीचं लग्न. ओरडले नाहीत. बाळा, तू आत करत काय होतास, एवढंच विचारलं. सराव, म्हणालो. मी म्हणालो, अंकल, हिंमत ठेवा. उठून गेले.
बाबा आले नाहीत.

२९ जून
मालविका आली. खजूर घेऊन. सोबत मिहीर. डिसेंबरमध्ये पुण्यात त्यांचंही लग्न. पाय बघून म्हणाली, अरे, हे दोहात कसं झालं? मी सगळं सांगितलं. ती दारात जे म्हणाली होती तेसुद्धा.
तिला आठवेना. मिहीरकडे बघून म्हणाली, मी असं म्हणाले होते?
मिहीर मला समजावत होता. तिथे जुलैत सूर्य मावळत नाही, पारा शून्याच्या वर पाच-सहा, कधी जास्तच. दुपारी चालताना जॅकेट काढून सॅकवर बांधावं लागतं. खरा त्रास डासांचा.
चिडायला हवं होतं. चिडलो नाही.
काळजी घे म्हणून ती निघाली. दारात लूर्द सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन आल्या. कुठे चाललात विचारलं. मालविकाने सांगितलं, आर्क्टिक, आणि हसून म्हणाली, तुम्हीही या की सिस्टर.
सिस्टरही हसल्या. येईन की, म्हणाल्या, आणि माझी पट्टी सोडायला घेतली.