रागिणीचा डावा हात

पातूर

व्याही होऊ घातलेले शालिकरामभाऊ,
नमस्कार.

रागिणीचा आजार मी तुमच्यापासून लपवला नाही. तरी काल बडनेऱ्याहून तुमचा फोन आला, "आमच्या मोठ्या भावाले पोर धडधाकट असल्याची खात्री पाह्यजे. त्याचा डॉक्टर येईन तवा पोरीचा डावाच हात समोर करा, त्यात बीपी वाढलेलं येत नाही. बाकी बोलू नोका." मी फोन ठेवला, पण तो होकार नव्हता.

मी दहावी नापास. पुस्तकं वाचून ठिबक शिकलो. नळीच्या दोन टोकांना दाब वेगळा आला, तर मी मीटरला दोष देत नाही, मधली नळी पाहतो. अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी तेच केलं. कपडे पिळताना डावा हात गळून जातो, हे ऐकताच त्यांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं. उजव्यात जास्त, डाव्यात कमी, आणि डाव्या मनगटाला नाडी लागेचना. स्कॅनमध्ये दिसलं, रक्तवाहिनीच्या भिंतीला सूज, आतली वाट अरुंद. आजाराचं नाव ताकायासू. औषधं चालू आहेत. उद्या अमोलची बायको म्हणून तुमच्या घरी आल्यावर डॉक्टर डाव्याच हातावर विसंबले, तर वाढलेलं बीपी कळणारच नाही आणि पोर जिवानिशी जाईल.

इथवरचं रागिणीनं वाचलं. म्हणाली, "बाबा, पाठवू नोका. अमोलले मीच सांगीन. साक्षगंधात अंगठी डाव्याच हातात घालतेत ना? पयले नाडी शोध म्हणीन. नाही सापडली तरी हात सोडला नाही, तर घाल म्हणीन."

म्हणून पत्र माझ्याच खिशात राहील. तुम्ही रविवारी डॉक्टर घेऊन खुशाल या. आमच्या घरी दोन्ही हात तपासले जातील.

पोरीचा बाप,
सूर्यभान