धाकटीने उचललेलं टेकाड

चाकण, १२ मे

चि. योगिनीस, नवनाथदादाचे अनेक आशीर्वाद.

वाटणीपासून फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. रीतीप्रमाणे थोरल्याने वाटे पाडले, धाकटीने आधी उचलला. टेकाड तू आपणहून घेतलंस, मग रुसवा कसला? भूगोलाच्या बाईंनी कुसळांची शेती धरली म्हणून भावकी अजून हसते. आईलाही हसू आवरलं नाही.

राडारोडा टाकून बुजवलेल्या ओढ्यावरची सपाटी मला राहिली. तिथे घर उभं राहिलं. आईला मागची गार खोली दिली आहे. वास्तुशांतीला ये. माझ्या स्वरूपाला शाळेत भूरूपांचा प्रकल्प आहे, चार ओळी धाड.

राग असू दे, लोभही असू दे.
दादा

कासारवाडी, २० मे

ती. दादास शि. सा. न.

स्वरूपाला सांग, आजूबाजूहून खूप उंच तो डोंगर, माथा सपाट ते पठार, दोन डोंगरांमधली खोलगट जागा दरी. चहूकडून पाणी ते बेट, तीन बाजूंनी ते द्वीपकल्प. जमिनीने वेढलेलं पाणी ते सरोवर. ओढे उतार धरून नदीला मिळतात. मातीचा देखावा करून त्यावर पाणी ओतून बघ म्हणावं.

ओढ्यांविषयी आणखी लिहिलं असतं, पण मास्तरणीच्या ज्ञानाला तुमच्याकडे गिऱ्हाईक नाही. वास्तुशांतीला जमणार नाही. आईला नमस्कार.

आहे तेवढी माया राखावी.
योगिनी

चाकण, ९ ऑगस्ट

योगिनी,

काल आईच्या दहाव्याला आलीस, रडलीस आणि तशीच निघून गेलीस. ती गेली त्या दुपारी डोंगरावर पाऊस धो धो कोसळला. पाणी जुन्या ओढ्याच्या वाटेनेच आलं आणि मागची भिंत झोपलेल्या आईवर पडली.

स्वरूपा म्हणते, देखाव्यावर पाणी ओतलं तेव्हा ओढ्यातलं मातीचं घर असंच वाहून गेलं होतं. तिने मला दाखवलं होतं. मी हसलो होतो.

आम्ही शाळेच्या वर्गात राहतो आहोत. टेकाडावर पत्र्याची खोली टाकू दे. आणि एवढंच कळव, तुला वाटणीच्या दिवशीच ठाऊक होतं का?

दादा

कासारवाडी, १५ ऑगस्ट

ती. दादास,

ठाऊक होतं. म्हणून तर टेकाड उचललं. तुला तोंडावर पडलेलं बघायचं होतं. आई मागच्या खोलीत आहे हे तुझ्या पत्रात वाचलं, तरी गप्प बसले. तीही हसली होती, त्याचाच राग मोठा होता.

खोली खुशाल बांधा. भाऊबीजेला मात्र येऊ नकोस. या हातांकडून ओवाळून घ्यायला तुझं मन धजणार नाही.

योगिनी