ब्रेक बसेपर्यंत किल्ली देवघरात

आकांक्षा,

मी कीर्तनाले चालली. सकाळी तुझा भाऊ किशोर गाडीची किल्ली मागून राहिला होता. "मोठा टर्बो बसला नं आई, आता काहून थांबाचं?" म्हणे. मी दिली नाही. टर्बोनं इंजिनाचा जोर वाढते, मंग त्याच्या जोडीनं हवा थंड करणारा इंटरकूलर, क्लच, ब्रेक सारेच वाढवावे लागतात, हे तू काल सांगितलं ते पटलं. सप्ताहात आम्ही महाराजांसाठी मोठा भोंगा आणला, तर मृदंग ऐकूच येईना अन् टाळकरी चुकत गेले. आमच्या ध्यानात आलं नाही ते तुले आधीच कळते, बाई!

"पोरीनं गॅरेजात काहून जावं" म्हटलं होतं, ते मागं घेते.

किल्ली विठोबाच्या पायाशी आहे. ब्रेक बसले की तूच उचल. पहिली फेरी कौंडण्यपूरची. पुढं मी बसन, किशोर मागं.

— आई