होडी तोलायची न्हाय

बाबा, वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. सवयीने हात तिकडे गेला होता, मी तो आवरला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत तुमच्या तिथीला मी कधी पान चुकवलं नाही, फोटोचा हार वाळू दिला नाही, आणि हार घालताना दर वेळी मनातल्या मनात तुमची माफी मागितली. गेल्या रविवारी कळलं की माफी मागायची पाळी माझी नव्हतीच. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. दुकानातली माणसं दोन दिवस माझ्या वाटेला गेलेली नाहीत, आणि घरी मुलीने विचारलं, आई, तू भांडी आपटतेस का. कुणावर चिडलेय ते तिला काय सांगू, म्हणून तुम्हाला लिहितेय.

रविवारी पालीला, माहेरी गेले होते, आपली छोटी होडी आणायला. तीच, जिच्यातून तुम्ही आणि काका किनाऱ्याजवळ जाळी टाकायचे. तुम्ही गेल्यापासून ती काकांच्या भिंतीला लागून निळ्या ताडपत्रीखाली पडून आहे. तिला रंग काढायचा, छोटं इंजिन लावायचं आणि रविवारी मुलीला घेऊन खाडीत फिरायचं, असं माझ्या मनात आहे. तुम्ही हसला असता. 'मौजेला कोन पान्यात जातो?' हे तुमचं ठरलेलं वाक्य. बाबा, मौजेला पाण्यात जाणाऱ्यांवरच माझं घर चालतं. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे, तिथे मी मौजेच्या बोटींचे ट्रेलर बनवते आणि कुठल्या बोटीला कुठला लागेल ते लोकांना सांगते. लोक दमणपासून अलिबागपर्यंतचे येतात. तुम्ही हे पाहिलं नाहीत, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्याच्या गॅरेजात पावत्या फाडत होते. तिथे मला का बसावं लागलं ते तुम्हाला माहीत आहे.

आपल्या गल्लीत ट्रेलर शिरत नाही. पोरांनी बाइका हलवल्या, आठ-दहा जणांनी होडी हातांवर उचलून रस्त्यापर्यंत आणली. ट्रेलरवर चढवल्यावर मी तिला बांधायचा पट्टा आवळला आणि माझ्या सवयीने पुन्हा तपासायला गेले, मग तिसऱ्यांदा. काका ओट्यावर काठी धरून बसले होते, तो उजवा पाय पुढे पसरून. मला म्हणाले, 'बाय, किती येला बघशील?' मी म्हटलं, काका, एकदा नाही बघितला त्याची शिक्षा तुम्ही भोगताय. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, 'तू बांधलेलास पट्टा. चांगला घट व्हता. तुज्या बापानं सोडला, माजा पाय काढाला.'

एवढंच. बाकीचं मला एकेक विचारून काढावं लागलं. बावीस वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता, कारण तुम्ही त्याला शपथ घातली होती. तुम्ही गेल्यावर तरी बोलायचं, असं मी म्हटलं तर म्हणाले, मेलेल्याची शपथ मोडायची कशी. आता का मोडली मग? तर म्हणाले, तुला तिसऱ्या वेळी वाकताना बघवलं न्हाय.

तुम्हाला ती आपली वेल्डिंगची शेड आठवते का? मला रोज आठवते. आयटीआय करून मी आले तेव्हा गावात लोक म्हणाले, पोरीला वेल्डिंग शिकवून काय गेटं लावायची आहेत का, आणि तुम्ही त्यांना म्हणालात, तुमच्या पोरांपेक्षा माझ्या पोरीचा टाका सरळ येतो. बाजारातले कातडी हातमोजे मला ढगळ व्हायचे, तर तुम्ही ते उसवून जाळ्याच्या सुईने आणि जाळ्याच्याच दोऱ्याने माझ्या मापाचे शिवलेत. प्रत्येक बोटाचं माप घेऊन. इतका जीव लावणारा माणूस वर्षभरात असं वागू शकतो, हे मला अजून पटत नाही. ज्याने कधी जीवच लावला नाही त्याच्यावर माणूस इतकं चिडत नाही.

मग तो गिऱ्हाईक आला, मुंबईचा, फायबरची बोट घेतलेला. बोट उत्तनला ठेवायची आणि मनात येईल तेव्हा गाडीमागे जोडून तलावावर न्यायची, म्हणून त्याला ट्रेलर हवा होता. आपण तोवर ग्रिल आणि गेटं करायचो, आपला हा पहिलाच ट्रेलर. मी म्हटलं, बाबा, आधी वजन करू. काशीमीऱ्याच्या वजनकाट्यावर नेऊ. कंपनीच्या कागदावरचं वजन नुसत्या बोटीचं असतं. इंजिन, पेट्रोलचे दोन कॅन, बॅटरी, नांगर, दोर, बर्फाची पेटी, सगळं भरून किती होतं ते बघू आणि मग अ‍ॅक्सल ठरवू. मी पुस्तकातलं बोलत होते, पण बरोबर बोलत होते. तुम्ही बोटीजवळ गेलात, तळव्याने तिच्या कुशीवर दोनदा थोपटलंत आणि म्हणालात, 'पाचशे.' मी पुन्हा काट्याचं नाव काढलं. तेव्हा त्या गिऱ्हाइकासमोर तुम्ही मला म्हणालात, 'तोलतात ती मासळी, पोरी. विकायची चीज तोलतात. होडी तोलायची न्हाय.'

आपल्या घरातली ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. आजोबांनी पाळली, तुम्ही पाळली. होडीचं वजन काढलं की समुद्राला वाटतं हिला विकायला काढलीय, आणि तो तिला सांभाळत नाही. आपल्या लाकडी होडीपुरतं ते ठीक होतं, ती कुठे हायवेवरून जाणार होती! पण त्या फायबरच्या डबड्याला समुद्राचा कसला आलाय मान? तिला अ‍ॅक्सल हवा होता, आणि अ‍ॅक्सलला आकडा हवा होता. तुम्ही जुन्या मारुतीचा अ‍ॅक्सल आणलात. चाकं पुढे सरकवून बसवलीत, का तर गाडीला जोडायचा हुक एका हाताने उचलता आला पाहिजे. मी सांगितलं की हुकावर भार हवा, निदान दहावा हिस्सा तरी, नाहीतर शेपूट जड होऊन ट्रेलर झोकांड्या खातो. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस. मला फक्त पट्टा बांधायचं काम दिलंत, आणि तो मी बांधला.

उत्तनचा उतार संपून मोरवा यायच्या आत ट्रेलर डोलायला लागला. गिऱ्हाइकाच्या गाडीत तुम्ही पुढे, काका मागे. चाकातून धूर येतोय म्हणून गाडी थांबवलीत, काका उतरून वाकले, आणि वाकलेला अ‍ॅक्सल तेव्हाच बसला. ट्रेलर बोटीसकट कलला. काकांचा पाय लोखंडाखाली गेला. बोट वेगळी केल्याशिवाय लोखंड उचलेना, म्हणून तुम्ही पट्टा सोडलात, बोट ढकललीत, काकांना ओढून काढलंत. इथपर्यंत, बाबा, मी तुमच्या पाया पडेन. भावाचा जीव वाचवलात. पण मग माणसं जमली, तो गिऱ्हाईक आपल्या दुसऱ्या गाडीतून मागून आला, त्याने सुटा पडलेला पट्टा बघितला आणि विचारलं, हे कसं झालं. आणि तुम्ही त्याला सांगितलंत, पोरीनं पट्टा नीट बांधला नव्हता, बोट मागे सरकली. तुमच्या खोट्यात यंत्राची अक्कल होती. पट्टा सैल असता तर बोट खरंच मागे सरकली असती आणि खरंच हे सगळं झालं असतं. म्हणून तर मी ते मान्य केलं. वाकलेला अ‍ॅक्सल शेडमागे दोन वर्षं गंजत पडला होता, मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही इस्पितळातून आलात आणि थेट स्वयंपाकघरात पाटावर बसलात. आई भात वाढतेय. मी दाराला टेकून उभी आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता आईला म्हणता, 'हिला उद्यापासून शेडीत धाडू नको.' आई विचारते, तिच्यामुळेच झालं का? आणि तुम्ही कालवण ओतून घेता, भात कालवता आणि म्हणता, 'मंग कोनामुलं?' त्यानंतर तुम्ही पोटभर जेवलात, बाबा. मला आठवतंय, भात दुसऱ्यांदा मागितलात. इतकी वर्षं मला वाटायचं की दिवसभराच्या उपाशी माणसाला भूक लागणारच. आता तो भात आठवला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐका. दर रविवारी काकांच्या पायाला तेल लावायला गेले, लग्न झाल्यावरसुद्धा. त्यांच्या बायकोच्या डोळ्याला डोळा दिला नाही. आठ वर्षं हातात वेल्डिंगची कांडी धरली नाही. तुम्ही गेल्यावर जेव्हा धरली, तेव्हा पहिल्या दिवशी टाका सापासारखा गेला. आणि आजही माझ्या दुकानातून ट्रेलर निघताना मी पट्टा तीनदा तपासते, गिऱ्हाईक कंटाळून हॉर्न देतो, माझी माणसं मागे हसतात. मॅडमना पट्ट्याचं वेड आहे, असं म्हणतात. हे वेड तुम्ही दिलेलं आहे. एका गिऱ्हाइकापुढे तुमचा तळवा खोटा पडू नये म्हणून.

आणि धंद्यात मी काय करते? तुमच्या उलट सगळं. माणूस येतो तो आधी रंग विचारतो, मग चाकाचं डिझाइन. मी म्हणते, आधी काटा. भरलेली बोट काट्यावर घाल, चिठ्ठी आण, मग बोलू. एकजण म्हणाला, मैडम, आप तो डॉक्टर जैसे रिपोर्ट मांगती हो. मागते. वजन कमी धरलं तर काय होतं ते मला माहीत आहे. काहीजण शहाणपणा करून दुप्पट ताकदीचा ट्रेलर मागतात, मोठा घेतला की काळजी नको म्हणून. त्यांनाही मी झापते. जड स्प्रिंगा हलक्या बोटीला दबत नाहीत, खड्ड्याखड्ड्याला बोट उडते, तिचे सांधे ढिले होतात. बोटीला तिच्याच मापाचा ट्रेलर लागतो आणि माप काट्यावरच कळतं. हे मी इतक्या लोकांना इतक्या तावाने सांगितलंय की आता झोपेतही बोलेन.

काकांचं सगळं ऐकून मी काय केलं ते सांगायचं राहिलं. तेलाची बाटली ओट्यावर ठेवली आणि निघाले. म्हाताऱ्या माणसावर ओरडून काय करू, आणि ज्याच्यावर ओरडायचं तो फोटोत. तुम्ही शेवटचे आठ महिने अंथरुणावर होता, मी तुमचं सगळं केलं. रोज एकदा तरी आपण दोघेच खोलीत असायचो. एक वाक्य होतं, बाबा. 'पट्टा मी सोडला.' तीन शब्द. माझ्या हातचं पाणी प्यायलात, औषध घेतलंत, एकदा माझा हात धरून माझी बोटं चाचपलीत, हातमोज्यांचं माप घेताना चाचपायचात तशी. मला वाटलं आता काही बोलाल. तुम्ही म्हणालात, पंखा कमी कर.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. लोक म्हणतात मेलेल्या माणसावर राग धरू नये. जिवंतपणी धरायची सोय तुम्ही ठेवली होती का?

आता शेवटचं, आणि हे कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी होडी घेऊन पालीहून निघाले ती तशीच काशीमीऱ्याच्या काट्यावर आले. दुकानातला सगळ्यात मोठा, चार चाकी ट्रेलर नेला होता, नुसता आणण्यापुरता. त्याचं रिकामं वजन लिहिलेलं आहे, होडीसकट वजन करायचं, वजा करायचं, आणि मग तिच्या मापाचा ठरवायचा. रोजचं काम. आणि बाबा, रांगेत उभी असताना मी मनाशी म्हणत होते, आज तुमची होडी तोलतेच. बघूया समुद्र काय करतो. माझ्या पुढे दोन ट्रक होते. मग एकच राहिला. मग माझा नंबर आला, खिडकीतल्या माणसाने मान बाहेर काढली, होडीच्या उडालेल्या रंगाकडे बघितलं आणि सहज विचारलं, 'मैडम, भंगार में देना है क्या?'

मी नाही म्हटलं. मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खात गाडी मागे घेतली आणि रांगेतून बाहेर काढली. दुकानात आणून तिच्या कुशीवर तळव्याने दोनदा थोपटलं आणि वहीत लिहिलं, साडेतीनशे. आता ती त्याच मोठ्या ट्रेलरवर आहे आणि तिथेच राहील. मी दुसऱ्याला झापलं असतं असा ट्रेलर आहे तो तिच्यासाठी. उद्या सकाळी तिला रंगाऱ्याकडे न्यायचीय. पट्टा बांधून झाला आहे. एकदाच बांधला, पुन्हा तपासायला गेले नाही.