अण्णाच्या आंब्याने केलेली चोरी

१४ एप्रिल, सकाळी ७
माझा हापूस वाळतोय. रोज टोपलीभर पानं. कैऱ्या सुपारीएवढ्या असतानाच गळाल्या. भिंतीपलीकडे अण्णाच्या झाडाच्या फांद्या मात्र लवल्यात. दोन्ही कलमं वडिलांनी, अप्पांनी, एकाच दिवशी लावलेली. वाटणीत एक थोरल्याला, एक मला. आम्हा भावांत चार वर्षं बोलणं नाही, आणि आता झाडांतही हा पंक्तिप्रपंच!

१५ एप्रिल
माडीवर भाड्याने राहणाऱ्या हेमावती मॅडम कॉलेजात बॉटनी शिकवतात. म्हणाल्या, झाडं जमिनीखालून एकमेकांशी जोडलेली असतात. मुळांना मुळं जुळतात, बुरशीचे बारीक धागे असतात, एकाचं पाणी दुसऱ्याला जातं. यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत असंही म्हणाल्या, पण तोवर मला सगळं कळलं होतं. अण्णाचं झाड माझं पाणी ओढतंय. वीस वर्षं कापडदुकान चालवलंय मी. माल कुठून कुठे जातो ते मला बरोबर समजतं.

१७ एप्रिल
निश्चय. भिंतीलगत तीन फूट खोल चर. कनेक्शन कट. सुलभा म्हणते, आधी मॅडमना दाखवा. दाखवणार नाही. बायकोला आणि शास्त्रज्ञांना शंका फार.

१८ एप्रिल
कोप्पीकर रोडला दुकानात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला शर्टपीसऐवजी पँटपीस फाडून दिला. झाड जगलं पाहिजे. अप्पा गेले तेव्हा त्याच खोडाला टेकून मी रडलो होतो. सुलभालाही माहीत नाही.

२० एप्रिल, रविवार
बाबू गड्याने चर खणला. अडीच फुटांवर मांडीएवढं मूळ. दोन्ही झाडांची मुळं एकमेकांत शिरून एकच झालेली. बाबू "ब्याड री, ब्याड री", नको हो नको, असं कन्नडमध्ये करत मागे सरला. घाबरट. मला तर पुरावाच सापडला होता! कुऱ्हाड मी घेतली. अकरा घाव. आवाज ऐकून अण्णा त्याच्या कट्ट्यावर आला, बघत राहिला, आत गेला. शरमला असणार.

२४ एप्रिल
पानं अजून गळतात. ऑपरेशननंतर अशक्तपणा येतोच.

२९ एप्रिल
आता टोपली नाही, पोतं. मॅडमनी आज चर पाहिला. मग विचारलं, झाडाभोवती काँक्रीट कधी घातलंत? म्हटलं, सहा वर्षं झाली. गाडी सावलीत उभी राहावी म्हणून. अगदी खोडापर्यंत, पक्कं काम.
त्या म्हणाल्या, "मग तुमच्या झाडाला पाणी मिळतच नव्हतं. ते पलीकडच्या झाडावर जगत होतं."
वयाने लहान आहेत. अनुभव कमी.

३० एप्रिल, सकाळी ६
डोळ्याला डोळा नाही. पहार घेऊन काँक्रीट फोडायला बसलो.

दुपारी १
काम फारच पक्कं होतं. ताटाएवढा खड्डा झाला, तळहाताला फोड. चौदा बादल्या पाणी ओतलं. खोडावर हात ठेवून माफ कर म्हणालो. मॅडमचं चुकलंच आहे, पण आजाऱ्याचं मन राखावं.

२ मे
सुलभा म्हणाली, अण्णांना विचारा, चर बुजवून त्यांच्या बाजूने काही करता येईल का. म्हटलं, त्याच्या दारात मी जाणार नाही. भिंतीपर्यंत तीनदा गेलो.

६ मे
फांद्या काटकन मोडतात. नखाने साल खरवडली. आत हिरवं काहीच नाही. परत दुसरीकडे खरवडली.

१२ मे
झाड उतरवलं. वाळकं झाड रस्त्यावर पडलं असतं म्हणून. नाहीतर मी अजून थांबलो असतो. दोन तासांत आभाळ मोकळं. दुपारी गाडीच्या दाराला हात लावला, चटकाच बसला. काँक्रीट नुसतं तापलेलं.
संध्याकाळी फाटकाशी अण्णा. आता भांडणार म्हणून मीही चार शब्द जुळवून ठेवले होते. तो बुंध्याकडे बघत म्हणाला, "उद्यापासून गाडी माझ्या आंब्याखाली लाव."
आत जाऊन किल्ली आणली आणि गाडी लावून आलो.