बाहेरून थापलेला चिखल

बाबा, अकरा वाजता मोताळ्याच्या तहसील कचेरीतल्या बैठकीत मला पाणी दाखवायचं आहे. ज्या तलावावर तुम्ही जन्मभर चौकीदारी केली, तो फुटला तर पाणी कुठवर येईल, हे मी संगणकावर करून बघते. त्यात पाणी म्हणजे लाखो थेंब. प्रत्येक थेंब फक्त शेजारच्या थेंबांकडे बघतो, त्यांनी रेटलं की सरकतो. तुम्ही आज असता तर हसला असता, पण चालतं ते. फक्त गणिताची पावलं मोठी टाकली, की काही थेंब एका उडीत जमिनीच्या आरपार जातात. माझेही गेले. घाई होती, म्हणून खाली निसटलेले थेंब मी गुपचूप पुसून टाकले, तेवढं पाणी हिशोबातूनच गेलं. चित्र स्वच्छ झालं, वाहवा झाली. त्या चित्रात आपल्या गावची शाळा कोरडी होती, म्हणून पुरात लोकांना तिथेच हलवायचं ठरलं. परवा पावलं लहान करून पुन्हा चालवलं. एकही थेंब निसटला नाही. पाणी शाळेच्या खिडक्यांपर्यंत चढलं. आज ती शाळा ठरवणाऱ्या कागदावर सह्या होणार आहेत.

सारखा तो दिवस आठवतोय: बारावीच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन तलावावर आले आहे. बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय. तुमचं काम हलकं करावं म्हणून मी त्यावर चिखल थापते, जागा कोरडी करून टाकते. तुम्ही येता ते थेट तुमच्या जोडीच्या चौकीदार चाचांवर बरसता, चार माणसांदेखत.

"बाहेरून काऊन बुजवलं? दिसत नाई म्हून पानी थांबते का? आता ते आतून बांध खाईन."

चाचा खाली मान घालून एवढंच म्हणाले, "मले मालूम नाई." मी ओढणीत चिखलाचे हात लपवून उभी. तुम्ही चिखल उकरलात आणि पाणी नितळ येतंय की बांधाची माती घेऊन गढूळ, हे बघत संध्याकाळपर्यंत बसून राहिलात. चाचांशी महिनाभर बोलला नाहीत.

आज साहेब विचारतील, आधी शाळा कोरडी कशी होती? सॉफ्टवेअरची चूक म्हटलं तर कुणाला काही कळणार नाही. खोटं कशाला सांगू, टिपणात मी तेच लिहून आणलंय. आता ती ओळ खोडली आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. आत जाण्याआधी एक वाक्य लिहून बघायचं होतं, इतकंच. बाबा, तो चिखल चाचांनी नव्हता थापला. मी थापला होता.